सरांनी मला सोशिक म्हटलंय का?

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली. आमची केळी आहे. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जूनच्या वादळात कटाईला आलेली बाग आडवी झाली आणि त्याच पावसाळ्यात पप्पांना लकवा मारला. भाऊ लहान. सालदार होता, पण त्याला काम सांगणारं कोणी पाहिजे. रात्रीच्या लाईटवर पाणी भरणं, मजुरांचा हिशोब, सोसायटीचं कर्ज, पप्पांना जळगावला तपासणीला नेणं, सगळं मी बघितलं आणि कॉलेजही सोडलं नाही. आता पास झाले. एम.एस्सी.साठी एका शिष्यवृत्तीचा इंग्रजी अर्ज भरते आहे. आमच्या सरांनी शिफारसपत्रात लिहिलंय, 'शी हॅज बोर्न हर फॅमिलीज डिफिकल्टीज विथ रिमार्केबल फॉर्टिट्यूड.' शब्दकोशात पाहिलं तर 'सहनशक्ती, धैर्य'. मला वाईट वाटलं. आजी उठता-बसता म्हणते, 'सोस माय, बाईनी जात शे.' पण मी सोसलं नाही, मॅडम. व्यापाऱ्याने पैसे लांबवले तेव्हा त्याच्या दारात जाऊन भांडले. पाण्याच्या पाळीवरून काकांशी बोलणं तुटलं. रात्री गोठ्यात जाऊन रडले. मग सरांनी लिहिलंय ते खोटंच ना? त्यांना शब्द बदलायला सांगू का? की हा शब्द चांगला आहे आणि तो मीही माझ्या निबंधात, मुलाखतीत वापरू शकते?

– एक वाचक, चोपडा तालुका

प्रिय मुली,

उत्तर आधी देते, कारणं मागून. सरांनी तुला सोशिक म्हटलेलं नाही. त्यांचा शब्द खरा आहे, आणि तू भांडलीस, रडलीस म्हणून तो खोटा ठरत नाही. तो बदलायला सांगू नकोस. मात्र त्या वाक्याला आणखी एका वाक्याची जोड हवी, ते पुढे सांगते.

तुला वाईट का वाटलं ते मला कळतं. 'पोरगी सोशिक आहे' हे आपल्याकडे स्थळ सांगताना कौतुकाने म्हणतात, आणि त्याचा अर्थ असतो की हिला कितीही बोला, ही उलटून बोलणार नाही. शब्दकोशात 'सहनशक्ती' वाचल्याबरोबर तुझ्यापुढे तेच उभं राहिलं. छोट्या शब्दकोशांची ही अडचणच आहे. एका शब्दासमोर दोन शब्द ठेवून ते मोकळे होतात. हा शब्द कोण, कोणाबद्दल, कोणत्या प्रसंगी वापरतं, हे त्यात येत नाही.

फॉर्टिट्यूडचं मूळ लॅटिन 'फोर्तिस', म्हणजे बळकट. किल्ल्यासाठीचा 'फोर्ट' त्याच कुळातला. 'फोर्स' आणि 'एफर्ट' त्याच कुळातले. तुला नवल वाटेल, पण 'कम्फर्ट'सुद्धा तिथलाच, कारण त्याचा जुना अर्थ बळ देणं, धीर देणं असा होता. या सगळ्या गोतावळ्यात मान खाली घालून गप्प बसणं कुठेच नाही. युरोपात प्राचीन ग्रीकांपासून चार मुख्य सद्गुण मानत आले आहेत: विवेक, न्याय, संयम आणि धैर्य. या चौथ्याला इंग्रजीत फॉर्टिट्यूड म्हणतात. संयम त्यात वेगळा मोजला आहे, हे ध्यानात घे. स्वतःला आवरून धरणं हा एक गुण, आणि फॉर्टिट्यूड हा दुसरा.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनास नावाचा एक ख्रिस्ती तत्त्ववेत्ता होऊन गेला. त्याने या गुणाची जेवढ्या बारकाईने चिकित्सा केली तेवढी क्वचित कोणी केली असेल, आणि तुझ्या पत्रातल्या शंका जवळजवळ जशाच्या तशा त्याने स्वतःलाच विचारल्या आहेत. पहिला प्रश्न असा: या गुणाचं मुख्य काम चाल करून जाणं की टिकून राहणं? त्याचं उत्तर, टिकून राहणं, कारण ते जास्त अवघड. चाल करणारा स्वतःला वरचढ समजून निघतो आणि त्याच्या लेखी संकट अजून यायचं असतं. टिकणाऱ्याच्या समोर ते येऊन ठाकलेलं असतं, त्याच्याहून बलवान असतं, आणि लवकर जातही नाही. दुसरा प्रश्न: धैर्यवान माणसाने राग वापरावा का? तो म्हणतो, वापरावा. रागाचा लगाम विवेकाच्या हातात असला की झालं. तिसरा प्रश्न तर थेट तुझ्या गोठ्यातल्या रडण्याचा आहे. हे सगळं करताना माणसाला आतून आनंद वाटायला हवा का? चांगलं काम हातून होत असल्याचा आनंद असतो, पण मोठ्या वेदनेपुढे तो जाणवतही नाही, असं तो मान्य करतो. दुःखाने बुद्धी गिळून टाकू नये, एवढीच त्याची अपेक्षा.

आता तुझं पत्र तूच परत वाच. व्यापाऱ्याच्या दारात तू गेलीस ते स्वतःच्या मालाचे पैसे मागायला. पाळीचं पाणी तू मागितलंस ते बाग जगवायला. रात्री रडलीस आणि सकाळी मजुरांचा हिशोब केलास. यात फॉर्टिट्यूडला बाधा येईल असं मला काही दिसत नाही. उलट, पैसे बुडाले तरी तू गप्प राहिली असतीस, तर त्या गप्प राहण्याला हा शब्द लावायला मी तयार झाले नसते. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनीही हेच सांगितलं होतं, की न्यायाची साथ नसलेलं धैर्य अन्यायालाच वाट करून देतं.

आपल्याकडेही 'धरून राहणं' सरसकट चांगलं मानलेलं नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत, सात्त्विक, राजस आणि तामस. भीती, शोक, खिन्नता यांनाच जी घट्ट धरून बसते, सोडत नाही, ती धृती तामस. (विनोबा 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. खानदेशच्या माणसाला गीता तेवढी जवळची.) म्हणजे नुसतं सोसलं एवढ्याने कोणी मोठं होत नाही. कशासाठी टिकून राहिलात, हे विचारावंच लागतं. तू बागेसाठी, वडिलांच्या औषधासाठी आणि स्वतःच्या शिक्षणासाठी टिकलीस.

मराठीत या शब्दाला मी 'खंबीरपणा' म्हणेन. 'धीर' चालेल, 'नेट' चालेल. 'सोशिकपणा' चालणार नाही.

इंग्रजीत याच्या शेजारपाजारचे शब्द बरेच आहेत आणि मुलं ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. 'करेज' बहुतेकदा क्षणाचं असतं. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारला तिरंगा हातात घेऊन शिरीषकुमार पोलिसांच्या बंदुकीसमोर उभा राहिला, शाळकरी वयाचं पोर, त्याला करेज म्हणायचं. त्या दिवशी त्याच्यासोबत आणखी चौघे गेले. पाचही घरांत मागे राहिलेल्यांना पुढे जी वर्षं काढावी लागली असतील, त्यासाठी फॉर्टिट्यूड हा शब्द आहे. 'पेशन्स' म्हणजे वाट बघण्याची ताकद. मृगाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याकडे पेशन्स असतो, त्यात वेदना असेलच असं नाही. 'एन्ड्युरन्स' जास्त करून शरीराचा, सायकलवर लांबचा पल्ला मारणाऱ्याचा. तो यंत्रालाही लावतात, फॉर्टिट्यूड कधी लावत नाहीत. 'रेझिलिअन्स' आजकाल फार ऐकू येतो. वाकवलेली फांदी सोडली की पुन्हा सरळ होते तसा तो. फटका बसून गेल्यावर परत उभं राहण्याबद्दल आहे. फॉर्टिट्यूड फटका बसत असतानाचा. तुझी बाग पडल्यानंतर तू पुन्हा लागवड केली असशील तर ते रेझिलिअन्स, आणि वडील अंथरुणावर, कर्ज डोक्यावर, परीक्षा तोंडावर अशी जी वर्षं गेली ती फॉर्टिट्यूडची. सरांनी नेमका शब्द निवडला आहे. एखाद्याने घाईत 'पेशन्स' लिहिलं असतं.

पेशन्स आणि फॉर्टिट्यूड वेगळे आहेत हे इंग्रजी बोलणाऱ्यांना किती पक्कं ठाऊक आहे, त्याची एक खूण न्यूयॉर्कला आहे. तिथल्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी सिंह बसवले आहेत, 1911 पासून. 1930च्या दशकात मोठी मंदी आली, लाखोंची कामं गेली. तेव्हा शहराचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी त्या सिंहांना नावं दिली, दक्षिणेकडचा 'पेशन्स' आणि उत्तरेकडचा 'फॉर्टिट्यूड'. शहरातल्या लोकांना या काळातून जायला हे दोन गुण लागणार, असं त्यांना वाटत होतं. एकानेच भागलं असतं तर दोन नावं लागली नसती. आणि दोन्ही सिंह आहेत, हेही मला आवडतं.

अमेरिकन बोलीत याचा आणखी एक वापर आहे, 'इंटेस्टिनल फॉर्टिट्यूड'. शब्दशः आतड्यांचं धैर्य. 'गट्स' हा शब्द काहींना गावंढळ वाटायचा म्हणून त्याला घातलेला हा सभ्य कपडा. खेळाच्या मैदानावरचे लोक तो वापरतात. तुला निबंधात तो नको, पण यावरून कळेल की सामान्य माणसाच्या तोंडी फॉर्टिट्यूड म्हणजे छाती, दम, धमक. नमतं घेणं त्यांच्या मनातही येत नाही.

मग आपल्या मनात का येतं? मला वाटतं, आपल्याला हा शब्द भेटतो तो बहुधा शोकसंदेशात. 'मे गॉड ग्रँट द फॅमिली द फॉर्टिट्यूड टू बेअर धिस लॉस.' कोणी गेलं की कार्यालयात ठराव होतो, वर्तमानपत्रात छापून येतं, आणि 'कुटुंबाला हे दुःख सहन करण्याची शक्ती ईश्वर देवो' या आपल्या वाक्याच्या बरोबरीने तो डोक्यात बसतो. त्या जागी तो योग्यच आहे. मृत्यूशी भांडता येत नाही, तिथे सहन करणं हेच काम उरतं. पण जिथे भांडता येतं, मागता येतं, दाद मागायला जागा असते, तिथे दुसऱ्याला 'फॉर्टिट्यूड ठेवा' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. शेतकऱ्याच्या पीकविम्याचे पैसे अडवून ठेवायचे आणि भाषणात त्याच्या सहनशक्तीचं कौतुक करायचं, हे मी इंग्रजीत आणि मराठीत पुष्कळदा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी मला संताप आला आहे. शब्द चांगला असला तरी तो कोणाच्या तोंडी आहे हे बघत जा. तुझ्या बाबतीत तो सरांच्या तोंडी आहे, ज्यांनी तुला वर्गात बघितलं आहे आणि ज्यांच्या वाक्याने तुझं भलं व्हायचं आहे. आजीच्या 'सोस'मध्ये आणि सरांच्या शब्दात हाच फरक आहे. आजीलाही बोल लावू नकोस. तिच्या वयात दुसरा सल्ला तिला कोणी दिला नसेल.

आता व्याकरणाचं, कारण अर्ज इंग्रजीत आहे. फॉर्टिट्यूड हे न मोजता येणारं नाम. त्याच्या आधी नुसतं 'अ' येत नाही, त्याचं अनेकवचन होत नाही. 'शी इज व्हेरी फॉर्टिट्यूड' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे, ते साफ चूक. माणूस 'फॉर्टिट्यूड' नसतो, तो फॉर्टिट्यूड दाखवतो: 'शी शोड ग्रेट फॉर्टिट्यूड.' किंवा एखादी गोष्ट त्या बळावर पेलतो: 'शी फेस्ड इट विथ फॉर्टिट्यूड.' तुझ्या सरांचं वाक्य याच दुसऱ्या घडणीचं आहे. तिसरी घडण 'द फॉर्टिट्यूड टू', आणि पुढे क्रियापद: 'शी हॅड द फॉर्टिट्यूड टू कॅरी ऑन.' आधी विशेषण लावायचं तर 'ग्रेट', 'रिमार्केबल', 'मेंटल', 'मॉरल' हे चालतात. 'मेंटल फॉर्टिट्यूड' क्रिकेटच्या समालोचनात ऐकला असशील, कसोटीच्या शेवटच्या दिवशी दोन फलंदाज सामना वाचवायला उभे असतात तेव्हा. याचं विशेषण म्हणून 'फॉर्टिट्यूडिनस' असा एक शब्द कोशात सापडतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस, कोणी वापरत नाही.

हा शब्द वजनदार आहे, रोजच्या बोलण्यातला नाही. बसला उशीर झाला, लाईट गेली, नेट बंद पडलं, यासाठी तो वापरला तर ऐकणारा गोंधळेल. आजार, वियोग, तुरुंग, दुष्काळ, दीर्घ अडचण, अशा जागी तो शोभतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो स्वतःबद्दल वापरत नाहीत. 'आय हॅव शोन ग्रेट फॉर्टिट्यूड' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण निबंधात वाचलं की अर्ज तपासणारा भुवया उंचावतो. हे प्रशस्तिपत्र आहे, ते दुसऱ्याने द्यायचं असतं. सरांनी दिलं आहे. तू तुझ्या निबंधात फक्त काय केलंस ते लिही, साध्या शब्दांत: 'आफ्टर माय फादर्स स्ट्रोक, आय मॅनेज्ड अवर बनाना फार्म अँड कम्प्लीटेड माय डिग्री.' लकव्याला तिथे 'स्ट्रोक' लिही, 'पॅरालिसिस' हा त्याचा परिणाम. पुढे दोन-तीन ठोस गोष्टी दे. किती एकर, किती मजूर, ठिबक तू कसं सांभाळलंस, कर्जाचा हप्ता कसा भरलास. विषय शेतीशी जुळणारा असेल तर वादळाने बाग का पडते, वारा अडवायला बांधावर शेवरी किंवा गजराज गवत का लावतात, हे तुला पुस्तकातून आणि बांधावरून, दोन्हीकडून माहीत आहे. त्यावर एक परिच्छेद लिही. तपासणाऱ्याला दुःखाच्या कहाण्या पुष्कळ येतात, शेताची अशी माहिती असलेली विद्यार्थिनी क्वचित येते. वडिलांच्या आजाराबद्दल लिहिण्याआधी त्यांना विचार. त्यांच्या शरीराची गोष्ट आहे, ती बाहेर किती सांगायची हे त्यांनी ठरवावं. काकांचं भांडण लिहू नकोस, त्याची तिथे गरज नाही. आणि ते बोलणं पुन्हा सुरू करता आलं तर बघ. पाण्याची पाळी दर वर्षी येणार आहे.

मुलाखतीत कोणी विचारलं की 'युअर प्रोफेसर स्पीक्स ऑफ युअर फॉर्टिट्यूड, व्हॉट डू यू से?' तर लाजून 'नो, नो' म्हणू नकोस आणि व्याख्याही सांगू नकोस. म्हण, 'आय वॉज ऑफन फ्रायटन्ड, अँड समटाइम्स अँग्री, बट द वर्क हॅड टू बी डन.' मला पुष्कळदा भीती वाटायची, कधी रागही यायचा, पण काम तर करायचंच होतं. तुझ्या पत्रातून मला जे दिसलं ते हेच आहे, म्हणून हे उत्तर तुझ्या तोंडी खोटं वाटणार नाही. उच्चार करायची वेळ आली तर जोर पहिल्या 'फॉर्'वर दे. शेवटी 'ट्यूड' म्हण की अमेरिकन पद्धतीने 'टूड', दोन्ही चालतं.

सरांकडे जा आणि त्यांचे आभार मान. मग सांग की सर, या वाक्याच्या पुढे मी नेमकं काय केलं ते एका वाक्यात लिहाल का, शेत, वडील आणि हजेरी. त्यांना कदाचित गोठ्यातलं आणि व्यापाऱ्याच्या दारातलं काहीच माहीत नसेल, परीक्षेतले गुण आणि वर्गातली हजेरी एवढंच दिसलं असेल. सांगितलंस तर ते आनंदाने लिहितील. पत्रावर नवी तारीख आणि सही घ्यायला विसरू नकोस, आणि निबंध पाठवण्याआधी इंग्रजी तपासून हवं असेल तर या सदराच्या पत्त्यावर पाठव. मी पाहून देईन.

तुझी,
मॅडम